दार आतून उघडायचं

पावसाळा जवळ आला की घरी न जाता संगणक दुरुस्त करण्याबद्दलची पत्रं वाढतात. दर दोन गावांमध्ये एक खाडी असलेल्या आपल्या किनाऱ्यावर ते साहजिकच आहे. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, पण पुढच्या प्रश्नांची मुळं तिथेच आहेत, म्हणून ते आधी वाचावं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी चिपळूणला संगणक दुरुस्तीचं काम करतो. ग्राहकांचे संगणक दुकानातून बघता यावेत म्हणून त्यांच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून ठेवतो. जुन्या टेलिफोन लाइनच्या ब्रॉडबँडवर हे छान चालायचं. आता फायबर घेतलेल्या बहुतेक घरांत चालतच नाही. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, १००.७२ ने सुरू होणारा दिसतो आणि वेबसाइटवर तपासला तर भलताच. कंपनी म्हणते, स्टॅटिक आयपीचे, म्हणजे न बदलणाऱ्या सार्वजनिक पत्त्याचे, वेगळे पैसे भरा. माझं काय चुकतंय?
— एक तंत्रज्ञ, चिपळूण

उत्तर : तुमच्या सेटिंगमध्ये चूक नाही. परिस्थिती बदलली आहे.

आपल्याकडे घराभोवती गडगा असतो आणि गडग्याला बेडं. घरातला माणूस बेडं सरकवून बाहेर जातो, परत येतो, त्याला कुणी अडवत नाही. बाहेरच्याने मात्र हाक मारायची आणि आतून कुणी ओ दिली तरच आत यायचं. राउटर तेच करतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा खासगी पत्ता देतो. एखादं यंत्र बाहेर काही मागतं तेव्हा आपल्या तक्त्यात नोंद करतो : कोणी मागितलं, कोणत्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या दाराचा क्रमांक), कोणाकडे. उत्तर आलं की नोंद बघून ते त्या यंत्राला पोचवतो. नोंद नसलेलं काही बाहेरून आलं तर ते कुणाला द्यायचं हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो ते टाकून देतो. तुम्ही पोर्ट फॉरवर्ड करता म्हणजे त्या तक्त्यात एक कायमची नोंद लिहिता : अमुक पोर्टवर जे येईल ते या संगणकाला दे.

आता दुसरी गोष्ट. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जागतिक वाटप करणाऱ्या मध्यवर्ती संस्थेकडचे शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागही आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आला. आपल्या गावांत फायबर पोचलं ते त्यानंतर. मग कंपन्यांनी एकेक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून द्यायला सुरुवात केली. त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास राखून ठेवण्यात आला. तुम्हाला दिसणारा १००.७२ त्याच पट्ट्यातला. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे ग्राहकाच्या गडग्याबाहेर कंपनीचा आणखी एक गडगा आहे आणि तिथल्या तक्त्यात नोंद करायचा अधिकार ना तुम्हाला, ना ग्राहकाला. घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले, बदलत्या पत्त्यामागे धावणारं डायनॅमिक डीएनएसचं नाव घेतलं, तरी बाहेरून येणारी विनंती त्या राउटरपर्यंत पोचतच नाही.

म्हणून कुठल्याही घरात काम सुरू करण्याआधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी आणि वेबसाइटवर दिसणारा आयपी ताडून बघायची सवय लावा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता खरोखर सार्वजनिक आहे. वॅन १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर सीजीनॅट. वॅनच १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा फायबरवाल्याच्या डब्याच्या मागे ग्राहकाने स्वतःचा दुसरा राउटर लावलेला असतो. वरच्या मजल्यावर रेंज मिळावी म्हणून आपल्याकडे हे सर्रास केलं जातं. तो दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळे पत्ते न वाटता नुसता वायफाय देईल आणि प्रिंटर न सापडण्याच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील.

स्टॅटिक आयपीसाठी ग्राहकाला पैसे भरायला लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे भरले की पोर्ट फॉरवर्डिंग चालेल, हे खरं. पण सार्वजनिक पत्त्यावर उघडा ठेवलेला पोर्ट तुमच्या एकट्यासाठी उघडा नसतो. जगभरातली स्वयंचलित यंत्रं रात्रंदिवस पत्त्यामागून पत्ता चाचपत असतात आणि नवा उघडा पोर्ट त्यांना सापडायला वेळ लागत नाही. तुम्ही महिन्यातून एकदा वापरणार आणि ते दार उरलेले सगळे दिवस उघडं राहणार. ग्राहकाला त्याची कल्पनाही नसते. ज्याने विश्वासाने राउटरचा पासवर्ड हातात दिला त्याच्या घराला आपण असं करू नये.

मार्ग उलटा आहे. बाहेरून आत जायचा हट्ट सोडायचा आणि ग्राहकाच्या संगणकाला आतून बाहेर येऊ द्यायचं. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, रस्टडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप, विंडोजमधलं क्विक असिस्ट, सगळी याच तत्त्वावर चालतात. ग्राहकाचा संगणक मधल्या एका सर्व्हरशी स्वतःहून जोडणी करतो, तुमचाही करतो. दोघांच्याही राउटरच्या दृष्टीने ही बाहेर जाणारी वाहतूक, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. मधला सर्व्हर दोघांना एकमेकांचा बाहेरून दिसणारा पत्ता आणि पोर्ट सांगतो. मग दोघे एकाच वेळी एकमेकांकडे पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, धाडतात. दोन्ही तक्त्यांत नोंद झालेली असते, म्हणून समोरून आलेलं पाकीट उत्तर समजून आत घेतलं जातं आणि थेट जोडणी होते. दोन्ही बाजूंना कडक सीजीनॅट असेल तर हे जमत नाही. तेव्हा सगळी वाहतूक मधल्या सर्व्हरमार्फत फिरते. काम होतं, फक्त माउस जरा मागे राहतो. अशा वेळी समोरच्या पडद्याचा वॉलपेपर काढून टाका आणि चित्राचा दर्जा कमी करा, पुष्कळ फरक पडतो.

माझं दुकान शृंगारतळीला आहे. ग्राहक हेदवी-वेळणेश्वरचे, तसे खाडीपल्याडचे जयगडचे आणि दाभोळचेही. तवसाळच्या नाहीतर धोपाव्याच्या फेरीबोटीत स्कूटर चढवायची आणि पलीकडे जाऊन प्रिंटरचा ड्रायव्हर बदलून यायचं, हे त्यांनाही परवडत नाही आणि मलाही. म्हणून मी एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर रस्टडेस्कची मधली बाजू चालवते. हा प्रोग्रॅम मुक्तस्रोत आहे आणि सर्व्हर स्वतःचा ठेवता येतो. टीसीपी आणि यूडीपी या वाहतुकीच्या दोन पद्धती, त्यांतले टीसीपीचे २१११५ ते २१११७ आणि यूडीपीचा २१११६ एवढे पोर्ट उघडे लागतात, तेही फक्त माझ्या सर्व्हरवर. सार्वजनिक पत्ता लागतो तो एकाच यंत्राला आणि त्याची निगा राखायची जबाबदारी माझी. ग्राहकाच्या राउटरला हात लावायची गरजच उरत नाही. सर्व्हर सांभाळणं नको असेल तर तयार सेवा घ्या. मात्र त्यांतल्या बऱ्याच सेवा घरगुती वापरालाच फुकट असतात. आपण पैसे घेऊन काम करतो, तेव्हा व्यवसायाचा परवाना घ्यावा.

या पद्धतीचा खरा उपयोग कळतो तो जुलैत. झाड पडून फायबर तुटली की ग्राहक मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतो. पत्ता बदलतो, राउटर बदलतो, कंपनीही बदलते, तरी आतून बाहेर येणारी जोडणी जशीच्या तशी चालते. फॉरवर्ड केलेला पोर्ट त्या दिवशी काहीच कामाचा नसतो.

एक काम मात्र लगेच करा. जुन्या ग्राहकांची यादी काढा आणि जिथे जिथे पोर्ट उघडलेत तिथे ते बंद करा. त्याच फेरीत राउटरचं पान बाहेरून उघडायची सोय बंद आहे ना ते बघा, यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा आणि डब्याखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड बदलून नवा पासवर्ड ग्राहकाच्या वहीत लिहून द्या. या फेरीचे पैसे घेऊ नका.

प्रश्न : आमचा मालवणला होमस्टे आहे. पुण्याचा भाचा दुरून लॅपटॉप दुरुस्त करतो. काही इन्स्टॉल करायची वेळ आली की त्याला नेमका काळा पडदा दिसतो आणि तो म्हणतो नेट गेलं. आमच्याकडे तर नेट चालू असतं.
— होमस्टेचालक, मालवण

उत्तर : नेट गेलेलं नसतं. "या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का" असं विचारणारी विंडोजची चौकट वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर येते आणि दुरून बघणाऱ्याला तो पडदा मुद्दाम दिसू दिला जात नाही. त्या क्षणी 'यस' तुम्हीच दाबायचं. पण दाबण्याआधी चौकटीत प्रोग्रॅमचं आणि कंपनीचं जे नाव दिसतं ते भाच्याला फोनवर वाचून दाखवा. त्याने होय म्हटलं की मग दाबा. ही चौकट कटकटीची वाटते म्हणून काही जण ती कायमची बंद करून देतात. भाच्याला तसं करू देऊ नका.

प्रश्न : आमची देवगडला हापूसची बाग आणि पॅकिंग शेड आहे. ऑफिसच्या संगणकावर टॅली आहे आणि हिशेब बघणारे गृहस्थ रत्नागिरीला असतात. आधी संगणकाचं काम बघणाऱ्या मुलाने राउटरमध्ये ३३८९ हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक वापरायच्या सोयीचा) पोर्ट उघडून दिला होता, त्यावरून ते थेट आमच्या संगणकावर काम करायचे. आमच्याकडे सार्वजनिक आयपी आहे. गेले काही दिवस बरोबर पासवर्ड टाकूनही "खातं तात्पुरतं बंद आहे" असा निरोप येतो. थोड्या वेळाने उघडतं, पुन्हा बंद होतं. राउटर बदलू का?
— आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : हा अंक बाजूला ठेवा, राउटर उघडा आणि ३३८९ ची नोंद पुसून टाका. मग पुढचं वाचा.

राउटर बिघडलेला नाही. तुमच्या पासवर्डवर बाहेरून मारा चालू आहे अशीच ही लक्षणं आहेत. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत १० वेळा चुकीचा पासवर्ड पडला की खातं १० मिनिटं बंद होतं. चुकीचा पासवर्ड तुम्ही टाकत नाही, तुमचे हिशेबनीसही टाकत नाहीत, तर कुठलं तरी यंत्र टाकतंय. खात्री हवी असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिक्युरिटीवर जा आणि ४६२५ क्रमांकाच्या नोंदी शोधा. प्रत्येक फसलेला प्रयत्न तिथे वेळेसकट लिहिलेला असतो. बऱ्याचदा कोणत्या पत्त्यावरून झाला तेही असतं. ४६२४ या यशस्वी प्रवेशाच्या नोंदीही बघा आणि रात्री-अपरात्रीची, तुमची नसलेली एखादी दिसली तर संगणक नेटवरून काढून जाणकाराला दाखवा.

कुणी तरी सांगेल की ३३८९ ऐवजी दुसरा आकडा ठेवा. त्याने काही दिवस मारा कमी होईल एवढंच, चाचपणारी यंत्रं सगळेच आकडे चाचपतात. आणि धोका फक्त पासवर्ड ओळखला जाण्याचा नाही. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच एक मोठी त्रुटी उघड झाली. ब्ल्यूकीप म्हणून ती ओळखली जाते. विंडोज ७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत पासवर्ड न देताच आत शिरता येईल अशी ती होती. मायक्रोसॉफ्टने तेव्हा पाठिंबा संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. यावरून गांभीर्य कळावं. तुमचा संगणक अजून विंडोज १० वर असेल तर त्याचाही नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे लक्षात घ्या.

तुमची गरज मात्र खरी आहे. हिशेबनीस रोज काम करणार, प्रत्येक वेळी फोन करून जोडणीसाठी पडद्यावर येणारा नंबर विचारणं त्यांनाही जमणार नाही आणि सीझनला तुम्हालाही नाही. पेट्या भरायच्या की नंबर सांगत बसायचं? अशा रोजच्या, ओळखीच्या, दोनच टोकं असलेल्या कामाला व्हीपीएन, म्हणजे दोन संगणकांमधला खासगी बोगदा, योग्य. वायरगार्ड हे त्यासाठी फार सुटसुटीत साधन आहे, २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच ते आहे. ते स्वतः मांडणं अवघड वाटलं तर वायरगार्डवरच उभं असलेलं टेलस्केल घ्या. दोन्ही संगणकांवर टाकायचं, एकाच खात्याने दोघांना ओळख द्यायची, खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची. टेलस्केलही संगणकांना १०० ने सुरू होणारेच पत्ते देतं. चिपळूणच्या पत्रातल्या १००.७२ शी त्याची गल्लत करू नका, पट्टा एकच असला तरी काम वेगळं आहे. राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही, कारण इथेही दोन्ही संगणक आतून बाहेर येतात. जोडणी शांत राहिली तर राउटर आपल्या तक्त्यातली नोंद पुसून टाकतो. स्वतः मांडलेल्या वायरगार्डमध्ये त्यासाठी दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवायचं सेटिंग आहे, ते चालू ठेवा.

मग त्या बोगद्यातून रिमोट डेस्कटॉप वापरा. तुमच्या ऑफिसच्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती हवी, होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. हिशेबनीस आत आले की तुमच्यासमोरचा पडदा लॉक होईल, कारण एका वेळी एकच जण काम करू शकतो. तेव्हा वेळ ठरवून घ्या. टॅलीच्या डेटाचं फोल्डर मात्र रत्नागिरीहून थेट उघडायला देऊ नका. काम अतिशय संथ होतं आणि मध्येच जोडणी तुटली तर डेटा खराब होण्याची भीती असते. टॅली देवगडच्याच संगणकावर चालू दे, त्यांनी फक्त तिचा पडदा बघावा.

आणि रोज संध्याकाळी बॅकअप घेऊन ती हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रॅम संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. मार्च ते मे या तीन महिन्यांचा हिशेब गेला तर वर्षाचा गेला, हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : वेंगुर्ल्याच्या एका छोट्या काजू कारखान्याचा संगणक मी घरून सांभाळतो. पावसात लाईट जाऊन आली की तो संगणक माझ्या रिमोट प्रोग्रॅमच्या यादीत दिसतच नाही. काय करावं?
— वाचक, सावंतवाडी

उत्तर : लाईट आल्यावर तो संगणक सुरूच होत नसेल. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर) वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, तिथे 'पॉवर ऑन' निवडा. विंडोजमध्ये स्लीप बंद करा, नाहीतर संगणक तासाभरात झोपतो आणि पुन्हा दिसेनासा होतो.

कारखान्यातला माणूस फोनवर असेल तर त्याला आधी फायबरच्या डब्यावरचे दिवे विचारा. एलओएस लिहिलेला दिवा लाल चमकत असेल तर फायबर कुठेतरी तुटली आहे, तुम्ही घरी बसून काही करू शकत नाही, फायबरवाल्याला फोन लावा. तो विझलेला आणि पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर मग राउटर आणि केबलकडे वळा. समुद्रकाठच्या हवेत लॅन केबलच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्यांवर थर चढतो. केबल काढून दोनदा घालायला सांगा, पुष्कळदा तेवढ्यानेही चालतं, पण त्या टोकाचा क्लिप पुढच्या भेटीत बदला.

फायबरचा डबा आणि राउटर छोट्या इन्व्हर्टरवर ठेवायला सांगा, फार वीज लागत नाही. विजा कडाडू लागल्या की मात्र सगळं प्लगमधून काढायचं, इन्व्हर्टरसकट. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही हे खरं, पण ती ॲडॉप्टरमधून राउटरमध्ये आणि तिथून लॅन केबलने संगणकात पोचते. दुरून जोडणी मिळावी म्हणून वादळात संगणक चालू ठेवायला कुणालाही सांगू नये.

प्रश्न : मी डोंबिवलीला नोकरी करतो. आईबाबा गावी, हेदवीजवळ. बाबा ७४ वर्षांचे आहेत, लॅपटॉपवर वर्तमानपत्र वाचतात, मुदत ठेवींचा हिशेब ठेवतात. काही अडलं की मला फोन करतात. जोडणीसाठी पडद्यावरचा नंबर वाचून दाखवताना फार गोंधळतात आणि मग चिडतात. त्यांना काहीच करावं लागू नये म्हणून कायमची जोडणी ठेवून पासवर्ड माझ्याकडे ठेवला तर बरं ना?
— एक चाकरमानी

उत्तर : तुमची तळमळ कळते. गणपतीत चार दिवस येऊन सगळं नीट लावून जावं आणि पुन्हा कटकट नको, असं वाटणारच. तरी माझा सल्ला आहे की कायमची जोडणी ठेवू नका, निदान सुरुवातीला तरी नको.

पहिलं कारण बाबांचं आहे. तो लॅपटॉप त्यांचा आहे. त्यात त्यांचे हिशेब आहेत, पत्रं आहेत. कुणीही, मुलगासुद्धा, न विचारता आत येऊ शकतो हे माहीत झालं की माणूस ती वस्तू मोकळेपणाने वापरत नाही. काही जण तर वापरणंच सोडतात, आणि ते तोंडाने सांगत नाहीत. दुसरं कारण सुरक्षेचं. तुमचा फोन किंवा तुमचं खातं कुणाच्या हाती लागलं तर बाबांचा लॅपटॉपही त्याच्या हाती लागतो. तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. आपण होऊन पडदा दाखवायचा, आपण होऊन बंद करायचा, ही सवय बाबांना लागली तरच उद्या एखाद्या भामट्याला ते नाही म्हणू शकतील.

हा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. भामटे बँकेचे म्हणून फोन करायचे, ते ॲप मोबाइलमध्ये टाकायला लावायचे, नंबर विचारून घ्यायचे आणि खात्यातून पैसे काढायचे. ॲपमध्ये दोष नव्हता. मी ग्राहकाला जे वाक्य सांगते, तेच वाक्य भामटाही सांगतो : "नंबर वाचून दाखवा आणि ॲक्सेप्ट दाबा." म्हणून बाबांशी एकच नियम ठरवा. फोन त्यांनी करायचा, त्यांना पाठ असलेल्या तुमच्या नंबरवर. आलेल्या फोनवर कधीही कुणालाही पडदा दाखवायचा नाही, तो माणूस बँकेचा, वीज मंडळाचा, पोलिसांचा, अगदी माझ्या दुकानाचा म्हणाला तरी. आणि पडदा दाखवलेला असताना बँकेचं पान उघडायचं नाही.

नंबर वाचण्याचा त्रास कमी करता येतो. विंडोजमधल्या क्विक असिस्टमध्ये काम उलटं होतं : कोड तुमच्याकडे तयार होतो, तुम्ही सांगता, बाबा फक्त टाइप करतात. मायक्रोसॉफ्टचं खातं तुम्हाला लागतं, त्यांना नाही. कोड १० मिनिटं चालतो, त्यामुळे घाई नाही. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही तीन बटणं एकत्र दाबली की ते उघडतं. गावी गेलात की त्या तीन बटणांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावा, मी माझ्या सगळ्या ज्येष्ठ ग्राहकांच्या कीबोर्डवर लावते. आधी तुम्हाला नुसता पडदा दिसेल. माउस हातात घ्यायचा असेल तर वेगळी परवानगी मागावी लागते आणि बाबांनी ती द्यावी लागते. खूपदा माउस मागायची गरजच पडत नाही. "बाबा, वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात का? त्यांवर दाबा," असं म्हणून थांबायचं. त्यांना सापडेपर्यंत थांबायचं. पुढच्या वेळी ते तुम्हाला विचारणार नाहीत.

फोन स्पीकरवर ठेवायला सांगा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. रेंज एकाच खोलीत येत असेल तर लॅपटॉप तिथे नेऊन घ्या. आईंनाही शेजारी बसवा, दोघांपैकी कुणाला तरी पायऱ्या लक्षात राहतात.

पुढेमागे बाबांची दृष्टी किंवा हात साथ देईनासे झाले आणि कायमची जोडणी लागलीच, तर ती त्यांना सांगून ठेवा. पासवर्ड लांब आणि वेगळा, खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी आणि आत जाण्याआधी दर वेळी फोन. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, कलम ४३ आणि ६६ खाली येणारा विषय आहे. घरात तो कुणी काढणार नाही, पण पैसे घेऊन हेच काम करणाऱ्या माझ्यासारख्यांनी तो रोज लक्षात ठेवायचा असतो. काम संपलं की जोडणी बंद झाल्याचं ग्राहकाला त्याच्या पडद्यावर दाखवायचं आणि त्या कामापुरता टाकलेला प्रोग्रॅम काढून टाकायचा.

या सुट्टीत घरी जाल तेव्हा आणखी एक बघा. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडून रिमोटचा एखादा अनोळखी प्रोग्रॅम आधीच पडलेला आहे का ते तपासा, बाबांच्या मोबाइलमध्येही. सापडला तर आधी वायफाय बंद करा. बाबांना रागावू नका, शांतपणे विचारा की हा कधी आणि कुणाच्या फोनवर टाकला. मग बँकेची नोंद बघा. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता असते. तक्रार नोंदेपर्यंत तो प्रोग्रॅम काढू नका आणि लॅपटॉप फॉरमॅट करू नका. कोणत्या नंबरवरून कोण आत आलं त्याच्या नोंदी त्यातच असतात.